नागरमोथ्याच्या तेलाने अत्तर बिघडतंय? या चुका टाळा

नागरमोथा म्हटलं की आपल्याला आधी उटणं आठवतं, नाहीतर आयुर्वेदातलं मुस्ता चूर्ण. याच कंदावर वाफ सोडून काढलेलं तेल सुगंधाच्या व्यापारात सायप्रिओल नावाने ओळखलं जातं. वास मातकट आणि लाकडाचा, मागे थोडा धूर, थोडं चामडं. ऊद (अगरूच्या लाकडाचा सुगंध) परवडत नाही पण ऊदाचा भास हवाय, तेव्हा बनवणारे हमखास याच्याकडे वळतात. घरी प्रयोग करणारे मात्र एकदा वापरून ‘फारच उग्र बुवा’ म्हणतात आणि बाटली कपाटात मागे सारतात. बहुतेक वेळा दोष तेलाचा नसतोच.

घोळ खरेदीपासून सुरू होतो. ‘नागरमोथा तेल’ असं लेबल लावलेल्या बाटलीत तिळाच्या किंवा खोबरेल तेलात कंद उकळून केलेलं केसांचं तेलही असू शकतं. ते केसांना लावा, अत्तरात घालू नका. ओळखायचं कसं? कागदावर थेंब टाकून डाग राहतो का ते पाहा, असं सगळीकडे सांगतात. इथे ती युक्ती फसते. नागरमोथ्याचं अस्सल तेलही जड आणि गडद असतं, त्याचा तपकिरी डाग कागदावर राहतोच. त्यापेक्षा छोट्या काचेच्या बाटलीत ९५ टक्क्यांचं इथेनॉल (अल्कोहोल) घ्या, त्यात चार-पाच थेंब टाका, हलवा आणि थोडा वेळ ठेवून द्या. वाफेवर काढलेलं तेल विरघळून जातं. तिळाचं किंवा खोबरेल असेल तर तळाशी गोळे जमतात. एरंडेलाची भेसळ मात्र या परीक्षेत सुटते, कारण एरंडेल अल्कोहोलमध्ये विरघळतं. अशा वेळी कागदी पट्टीवर थेंब टाका आणि दोन दिवसांनी बोटाने चोळून पाहा. नुसता चिकट ओशटपणा उरला आणि वास जवळजवळ गेला असेल, तर शंका घ्यायला जागा आहे.

दुसरी चूक, आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी: बाटलीला नाक लावून निकाल देणं. हे तेल अल्कोहोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत पातळ केल्याशिवाय त्याच्याबद्दल मत बनवूच नका. कागदी पट्टीवर लावा आणि लगेच हुंगा, तासाभराने हुंगा, दुसऱ्या दिवशी पुन्हा हुंगा. सुरुवातीचा मिरमिरीत, धुरकट झटका ओसरला की खालून कोरडं, मऊ लाकूड वर येतं. अत्तरात कामाला येतो तो हाच भाग. ताज्या तेलाला कधीकधी भट्टीचा करपट वासही असतो. काही आठवडे मुरू दिलं की तो बराचसा निवळतो.

नाकांचीही गंमत आहे. या तेलात रोटंडोन नावाचा घटक असतो, काळ्या मिरीला तिचा वास देणारा. ऑस्ट्रेलियात वाइनवर झालेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे २० टक्के परीक्षकांना हा घटक भरपूर असूनही जाणवला नव्हता. म्हणजे तुम्हाला वास फिका वाटतोय म्हणून थेंब वाढवत जाल आणि शेजारचा शिंकत बसेल. प्रमाण ठरवण्याआधी आणखी एक-दोघांना हुंगायला द्या.

प्रमाण थेंबांत मोजू नका. दाट तेलाचा थेंब आणि संत्र्याच्या तेलाचा थेंब एका वजनाचे नसतात. ०.०१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घ्या आणि एकूण सुगंधी मिश्रणाच्या १ टक्क्यापासून सुरुवात करा. वाळा, पॅचौली (एका पानाचं मातकट वासाचं तेल) आणि नागरमोथा तिन्ही एकत्र भरभरून घातले की नुसता चिखल होतो. एकाला पुढे ठेवा, बाकीचे मागे. वर बर्गामोट (एका लिंबूवर्गीय फळाचं तेल) किंवा गुलाब द्या, म्हणजे जरा हवा खेळते.

मिश्रण गढूळ झालं तर आधी पाण्यावर संशय घ्या. अल्कोहोलमध्ये पाणी जास्त झालं की तेल बाहेर पडतं. आधी सगळी तेलं अल्कोहोलमध्ये नीट विरघळवा, पाणी शेवटी आणि थोडंथोडं घाला. सीओटू पद्धतीने, म्हणजे वाफेऐवजी दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडने, काढलेल्या अर्कात मेणासारखा अंश असतो, त्यामुळे पाणी नसतानाही धूसरपणा येऊ शकतो. बाटली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि थंड असतानाच फिल्टर पेपरमधून गाळा.

कंदाची पूड अल्कोहोलमध्ये भिजवून घरीच अर्क काढणार असाल, तर मैद्यासारखी बारीक पूड टाळा, गाळताना जीव नकोसा होतो. जाडसर भरड चांगली. त्याचा वास तेलाइतका दमदार असणार नाही, हेही धरून चाला.

आणि कंद औषधी आहे म्हणून तेल पोटात घ्यायचं नाही. चूर्ण वेगळं, कितीतरी किलो कंदांतून जेमतेम निघालेलं तेल वेगळं. त्वचेवरही थेट लावू नका. पातळ केलेलं कोपराच्या आतल्या बाजूला लावून २४ तास वाट पाहा. पांढऱ्या कपड्यांवर मात्र पातळ केलेलंही फवारू नका, पिवळट डाग पडतात आणि ते सहजी निघत नाहीत.