पिंढऱ्या भरून आल्या तर आधी हे करा
कापूस वेचून आलं की आमच्याकडं सगळ्यांच्याच पिंढऱ्या दुखायलेत, अन् जो तो बाम चोळत बसतो. त्याच्या आधी भिंतीला बुड टेकवून आडवं व्हा, पाय भिंतीवर सरळ वर लावा, 10-15 मिनिटं तसंच पडून राहा, दिवसभर खाली साचलेलं पाणी वर सरकतं अन् सूज उतरायला लागते. रात्री गोळा आला तर गुडघा सरळ ठेवून पंजा आपल्याकडं ओढा, 30 सेकंद, सोडतो बगा. शुगरवाल्यांनी मात्र गरम पाण्यात पाय घालू नयेत, चटका कळतच नाही, आमच्या मामाचा तळवा असाच भाजला. अन् एकच पाय अचानक सुजून गरम लागायला तर चोळायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.