गाळ उपसताना भरलेली उसण
जुलैत कळव्यातल्या आमच्या चाळीत पाणी शिरलं. ओसरलं तेव्हा दारात वीतभर गाळ. फावडं भरायचं आणि पाय न हलवता कमरेतून वळून मागच्या घमेल्यात टाकायचं, असं तासभर चाललं. मग अशी उसण भरली की ताठ उभं राहवेना. चुकलं ते तिथेच: वाकलेल्या कमरेला वजनासकट पीळ.

जड उचलणं बंद केलं, पण अंथरूण धरलं नाही. गरम पाण्याची पिशवी, आणि थोड्या थोड्या वेळाने गॅलरीत फेऱ्या. आठवड्यात मोकळा झालो. (पाय बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र तडक डॉक्टर.)

आता फावडं अर्धंच भरतो, एक हात पात्याजवळ, गुडघे वाकवून. टाकताना पावलंच वळवतो. घमेलं मुलगा समोर सरकवतो.