डीएनएचा पुरावा वाया कुठे जातो? या चुका टाळा

डीएनए अहवाल कोर्टात टिकला नाही की सगळे प्रयोगशाळेला नावं ठेवतात. माझ्या मते आधी पंचनाम्याची जागा, ठाण्यातली मुद्देमालाची खोली आणि या दोन्हींमधला प्रवास तपासावा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे रक्ताने भिजलेला सदरा कॅरीबॅगमध्ये कोंबून गाठ मारणं. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा 42-43 अंशांवर जातो. तशात ही पिशवी जीपमध्ये दुपारभर राहिली, तर आतला ओलावा आणि उकाडा जिवाणूंना हवाच असतो. ते डीएनएचे बारीक तुकडे करून टाकतात. ओळख पटवणाऱ्या एसटीआर चाचणीला (ही डीएनएत पुन्हापुन्हा येणारे छोटे भाग मोजते) साधारण 100 ते 450 बेस-जोड्यांचे, म्हणजे डीएनएच्या साखळीतल्या तेवढ्या कड्यांचे, सलग तुकडे लागतात. तेवढे उरलेच नाहीत, तर महागडं यंत्र काय करणार? कपडा सावलीत, कोऱ्या कागदावर वाळू द्या. उन्हात नको, अतिनील किरणांनीही नुकसान होतं. वाळल्यावर प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात. वर्तमानपत्राची रद्दी वापरू नका, तिला किती हात लागलेत कुणास ठाऊक!

दुसरा घोळ शवविच्छेदनगृहात होतो. डीएनएसाठी काढलेला मांसाचा तुकडा सवयीने फॉर्मालिनमध्ये, म्हणजे अवयव टिकवायच्या द्रावणात टाकला, की त्यातला डीएनए खराब होतो. विहिरीत किंवा जायकवाडीच्या कालव्यात सापडलेला, सडलेला अनोळखी मृतदेह असेल तर मांडीचं हाड किंवा दाढा राखून ठेवाव्यात. हाडा-दातांत डीएनए जास्त काळ तग धरतो. जिवंत माणसाचं रक्त घेताना ईडीटीएची (हे रसायन रक्त गोठू देत नाही), म्हणजे जांभळ्या बुचाची नळी वापरा.

हातमोजे एकदाच घालून सगळीकडे फिरणं हीसुद्धा चूकच. प्रत्येक वस्तूला नवा जोड. जर्मनीत एकाच अज्ञात बाईचा डीएनए वर्षानुवर्षं अनेक गुन्ह्यांत सापडत होता. 2009 मध्ये कळलं, तो नमुना घेण्याच्या कापसाच्या काड्या बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगार बाईचा होता. तिथे काड्या निर्जंतुक होत्या, पण डीएनएमुक्त नव्हत्या. इथे तर पंचांसोबत अर्धा गाव वाकून बघत असतो. आधी दोरी बांधा, मग पाकिटं उघडा.

सील, सह्या आणि नोंदी यांना कारकुनी समजू नका. सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये सांगितलं आहे की डीएनए नमुने घेतल्यापासून 48 तासांत प्रयोगशाळेत पोहोचावेत, आणि उशीर झालाच तर कारण केस डायरीत (तपासाच्या नोंदवहीत) लिहावं. उमरगा, किनवटसारख्या लांबच्या ठाण्यांनी नमुने घेतानाच गाडी आणि शिपाई ठरवून ठेवलेले बरे.

घरच्यांसाठी एवढंच: लैंगिक अत्याचार झाला असेल तर वैद्यकीय तपासणीआधी अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. धुतले असतील तरी घेऊन जा. तपासणीला पीडितेची संमती लागते. 72 तासांनंतर पुरावा मिळण्याची शक्यता बरीच घटते, म्हणून पंचायतीत वेळ न घालवता आधी दवाखाना गाठा.