बेळगावच्या स्वयंपाकघरात गॅसची बचत

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे पाणी १०० नव्हे, तर साधारण ९७ ते ९८ अंश सेल्सिअसला उकळते, आणि म्हणून उघड्या पातेल्यात डाळ शिजण्यास थोडा अधिक वेळ लागतो. कुकरमध्ये मात्र वाफेच्या दाबामुळे तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत जाते. तूरडाळ अर्धा तास, तर हरभरे आणि मसूर रात्रभर भिजवून कुकरला लावावेत. पहिली शिट्टी होताच आच मंद करावी. मोठ्या आचेवर शिट्ट्या मोजत बसण्याची आपली सवय केवळ वाफ आणि गॅस वाया घालवते. शिट्टी झाल्यावर कुकर जाड वाकळीत गुंडाळून ठेवल्यास उरलेल्या उष्णतेवरच डाळ मऊ होते, हे जुन्या घरांतून आजही पाहावयास मिळते.

ज्योत निळी असावी. ती पिवळी दिसू लागली, तर बर्नरची भोके तुंबली आहेत असे समजून ती साफ करावीत.

भाकऱ्या एकाच बैठकीत कराव्यात, कारण तवा पुन्हा तापवण्यातच बराच गॅस खर्च होतो. शेवटची भाकरी उतरल्यावर गॅस बंद करून त्याच तव्यावर चटणीसाठी तीळ सहज भाजता येतात. तांदूळ धुतलेले पाणी परसातल्या कढीपत्त्याला घालावे, साली खतखड्ड्यात टाकाव्यात. खानापूरकडच्या पावसात मात्र खड्ड्यावर पत्रा हवाच.