सीरम झिंक: चूक बहुधा नळीतच होते
सीरम झिंकचा, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवातल्या (सीरममधल्या) जस्ताचा, आकडा अवाजवी जास्त आला, तर आधी मशीनवर नाही, नळीवर संशय घ्या. साध्या रबरी बुचातून झिंक रक्तात उतरतं, म्हणून ट्रेस एलिमेंटची (अत्यल्प प्रमाणात असणाऱ्या मूलद्रव्यांच्या तपासणीची) गडद निळ्या बुचाचीच नळी हवी. हातमोजे बिनपावडरचे. रक्त सकाळी उपाशीपोटी घ्या. जेवणानंतर पातळी खाली येते. तांबड्या पेशींत झिंक सीरमपेक्षा कितीतरी पट जास्त असतं, त्यामुळे रक्त गोठलं की तासाभरात सीरम वेगळं करा. ते गुलाबी दिसलं तर पेशी फुटल्यात, नमुना सरळ बाद. प्लास्टिकची भांडी 10 टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवून अतिशुद्ध पाण्याने विसळा. प्रत्येक बॅचसोबत ब्लँक चालवाच: नमुन्याऐवजी अतिशुद्ध पाणी, बाकी सगळं तेच. त्यातही झिंक दिसलं, तर आम्ल, पिपेटच्या टिप्स आणि टेबलावरची धूळ तपासा.