लँडिंग आपटतंय? या चुका टाळा

बेळगावजवळच्या सांबरा विमानतळावर विमान शिकायला दरवर्षी नवी पोरं येतात, चुका मात्र त्याच. पोरगं खानापूरचं असो की निपाणीचं, थोडे तास झाले की सोलोची, म्हणजे एकट्यानं उडायची, घाई सुटते.

सगळ्यात घातक चूक म्हणजे विमान उसळल्यावर योक (नाक वर-खाली करायचा दांडा) पुढं ढकलणं. चाकं जोरात टेकतात, विमान उसळतं, समोर नाक वर दिसतं आणि घाबरून हात पुढं जातो. मग नोजव्हील, म्हणजे नाकाखालचं चाक, आधी आपटतं आणि दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी येते. एकदा माझ्या डोळ्यांदेखत हे झालं. पोरगं हुशार, पेपरात पहिलं. पहिली उसळी अगदी साधी होती. त्यानं ढकललं, पुन्हा उसळलं, पुन्हा ढकललं. तिसऱ्या दणक्याला नोजव्हील मोडलं आणि प्रोपेलर डांबरात घुसला. पोराला खरचटलंसुद्धा नाही, पण पाती वाकली, फायरवॉलला (इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीला) सुरकुत्या पडल्या आणि इंजिन खोलावं लागलं. उसळी मोठी असेल तर लँडिंग विसरा. फुल पॉवर द्या, नाक सांभाळा, फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) टप्प्याटप्प्यानं वर घ्या आणि पुन्हा फेरी मारा. प्रत्येक फायनलला, म्हणजे धावपट्टीकडं सरळ उतरताना, मी पोरांकडून मोठ्यानं वदवून घेतो, "उसळलं तर पॉवर!" गो-अराउंडला, म्हणजे असं लँडिंग सोडून पुन्हा फेरी मारण्याला, कमीपणा मानणाऱ्याला मी सोलो देत नाही.

दुसरी चूक उन्हाळ्याची. सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर आहे. एप्रिलच्या दुपारी पारा ३६ अंशांवर गेला की हवा साडेपाच हजार फुटांवर असावी इतकी विरळ होते. वेगाच्या काट्यावर ६५ नॉट असताना खरा वेग सत्तरच्या घरात असतो. जमीन भराभर मागं पळते, पोरगं वेग कमी करतं आणि विमान वरूनच धपकन बसतं. विमानाच्या पंखाला काट्यावरचा वेग कळतो, तुमच्या डोळ्याला भासणारा नाही. तेव्हा खिडकीबाहेर बघून वेग ठरवू नका. गो-अराउंडला चढही अशा दुपारी कमीच मिळतो, म्हणून तो निर्णय लवकर घ्या.

फ्लेअर करताना, म्हणजे टेकण्याआधी नाक हळूहळू उचलताना, नाकासमोर बघू नका, धावपट्टीच्या टोकाकडं बघा.

पावसाळ्यात आडवा वारा असेल तर विमान तिरकं ठेवून टेकवू नका, रडरनं (शेपटीच्या उभ्या सुकाणूनं) नाक सरळ करा.

"भीती वाटते म्हणून" वेग दहा नॉट जास्त ठेवणं बंद करा. धावपट्टीवर तरंगत जाल आणि वैतागून नाक खाली दाबाल.

आपटलेलं लँडिंग लपवणाऱ्यांचा मला खरा राग येतो. दुसऱ्या दिवशी त्याच विमानात दुसऱ्याचं लेकरू बसणार असतं. जोरात बसलं की टेक लॉगमध्ये (विमानाच्या नोंदवहीत) लिहा आणि इंजिनिअरला बोलवा. टायर, नोजस्ट्रटमधून (पुढच्या चाकाच्या दांड्यातून) गळणारं तेल, प्रोपेलरची टोकं आणि फायरवॉल हे सगळं त्यानं तपासल्याशिवाय ते विमान पुन्हा उडवायचं नाही.