घराला स्वतःचा मूड कसा आणायचा? सुरुवात दिव्यांपासून करा

बऱ्याच घरांत सगळं असतं, सोफा चांगला, रंग नवा, पडदे मॅचिंग, आणि तरी संध्याकाळी आत पाऊल टाकलं की दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये आल्यासारखं वाटतं. कारण बहुतेक वेळा डोक्यावरच असतं, छताच्या मधोमध एकच पांढराफटक दिवा! म्हणून नवीन फर्निचर बघायला जायच्या आधी दिव्यांचं काम करून घ्या, कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक तिथेच पडतो.

पहिली पायरी, बल्बचं खोकं वाचा. त्यावर केल्विनचा, म्हणजे उजेडाच्या रंगछटेचा, आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर उबदार उजेड, ४००० च्या आसपास न्यूट्रल आणि ६५०० म्हणजे निळसर पांढरा. हॉल आणि बेडरूमला २७०० घ्या, किचनच्या ओट्यावर आणि अभ्यासाच्या टेबलाला ४००० चालतो. पण एकाच खोलीत २७०० आणि ६५०० एकत्र लावू नका, कितीही सजवलं तरी खोली विस्कटलेलीच दिसते. खोक्यावर बऱ्याचदा सीआरआय असंही लिहिलेलं असतं, म्हणजे त्या उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा, तो शक्यतो ९० च्या वर बघा, कमी असेल तर लाकूड, कापड आणि माणसांचे चेहरे सगळंच फिक्कट दिसतं.

मग उजेड खाली आणा. एका खोलीत निदान तीन ठिकाणांहून वेगवेगळ्या उंचीवरून उजेड यायला हवा, म्हणजे सोफ्याशेजारी टेबल लॅम्प, कोपऱ्यात उभा लॅम्प, आणि शेल्फमध्ये किंवा एखाद्या चित्रावर छोटा लाईट. लॅम्पशेडची खालची कड बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या लेव्हलला आली पाहिजे, त्याहून वर गेली की बल्ब थेट डोळ्यांत येतो. जेवणाच्या टेबलावर लटकता दिवा लावणार असाल तर टेबलापासून ७५ ते ९० सेंटीमीटर वर ठेवा. आणि कोपरे थोडे अंधारे राहिले तर राहू द्या हो, सगळीकडे सारखाच उजेड पडला की खोली सपाट दिसते, सावली असेल तरच तिला उठाव येतो.

रंग दिवे ठरल्यावरच निवडा, हा क्रम उलटा करू नका. शेडकार्डवरच्या बोटभर तुकड्यावर रंग ठरवणं म्हणजे निव्वळ जुगार. छोटा सॅम्पल डबा आणून मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा, आणि तो पुठ्ठा खिडकीजवळ, समोरच्या भिंतीला, कोपऱ्यात असा फिरवत सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून बघा. सकाळी छान करडा वाटलेला रंग रात्री पिवळ्या उजेडात हिरवट किंवा मातकट दिसू शकतो, तेव्हा हे एक-दोन दिवस घालवाच. भिंत ओबडधोबड असेल तर मॅट फिनिश घ्या, चकचकीत रंगात प्रत्येक उंचवटा उठून दिसतो.

आता जरा टाळी वाजवून बघा. आवाज घुमला तर समजा खोलीत कडक पृष्ठभाग जास्त झालेत, टाईल्स, काच, मोकळ्या भिंती. जाड पडदे, गालिचा, कापडी खुर्ची, पुस्तकांनी भरलेलं शेल्फ, हे सगळं आवाज शोषून घेतं आणि खोली लगेच शांत वाटायला लागते. गालिचा निदान सोफ्याचे पुढचे पाय त्यावर येतील एवढा तरी घ्या, मधोमध तरंगणारा लहान गालिचा खोली आणखी छोटी दाखवतो. पडद्याचा रॉड खिडकीच्या चौकटीच्या बराच वर, छताकडे लावा, कापड रॉडच्या लांबीच्या साधारण दुप्पट घ्या आणि पडदा जमिनीला टेकू द्या.

राहिला प्रश्न कॅरेक्टरचा, आणि इथे माझं मत ठाम आहे, कॅटलॉगमधला अख्खा सेट उचलून आणू नका. घरात आधीपासून काय आहे ते सगळं एका जागी काढून ठेवा, जुनी पेटी, आजोबांचं घड्याळ, प्रवासातून आणलेलं भांडं, पोरांनी काढलेलं चित्र, आणि त्यातलं जे खरंच आवडतं तेवढंच परत लावा. एखादी जुनी, वापरून गुळगुळीत झालेली लाकडी वस्तू नव्या सामानात ठेवली की बाकीचंही सुधारतं. शेल्फ गच्च भरू नका, साधारण एक तृतीयांश जागा मोकळी सोडा म्हणजे ठेवलेल्या वस्तू दिसतील तरी.

फ्रेम्स जवळजवळ सगळेच जण फार उंच लावतात. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटीमीटरवर हवा, सोफ्याच्या वर असेल तर सोफ्याची पाठ आणि फ्रेम यांत १५ ते २० सेंटीमीटर पुरेत. आणि ड्रिल हातात घ्यायच्या आधी फ्रेमच्या मापाचे जुने पेपर कापून टेपने भिंतीवर चिकटवा, दोन दिवस येता-जाता बघा, हलवायचं ते हलवा, मगच भोक पाडा.